प्राचार्य फ्रँक ली वुडवर्ड : महिंद विद्यालयाचे शिल्पकार

शाळेच्या स्मरणिकेत संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि गुरुजनांचे चरित्र यावे, हा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. या वेळी मात्र आम्ही वाचकांना समुद्रापलीकडे, श्रीलंकेच्या दक्षिण टोकावरील गॉल या बंदराच्या गावी नेत आहोत. तेथील महिंद विद्यालयाचे प्राचार्यपद १९०३ ते १९१९ अशी सोळा वर्षे सांभाळणाऱ्या फ्रँक ली वुडवर्ड यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या ओठी नाही. तथापि त्यांचे ऋण आपल्यावर आहे. आपल्या विहारांतून आणि व्याख्यानांतून ज्या कालाम सुत्ताचा उल्लेख वारंवार होतो, ते सुत्त आणि सारनाथचे धम्मचक्कप्पवत्तन सुत्त पाली टेक्स्ट सोसायटीच्या ज्या इंग्रजी ग्रंथांतून विसाव्या शतकातील वाचकांच्या हाती आले, त्या ग्रंथांचा अनुवादक हाच शाळामास्तर होता. पंडित म्हणून त्यांची नोंद ग्रंथालयांत आहेच. आम्हांस येथे प्रामुख्याने त्यांच्यातील मुख्याध्यापकाविषयी लिहावयाचे आहे.

फ्रँक यांचा जन्म १३ एप्रिल १८७१ रोजी इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात सॅहम टोनी या खेड्यात झाला. वडील विल्यम वुडवर्ड हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते आणि फ्रँक हे त्यांचे तिसरे पुत्र. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि जर्मन या भाषांची तोंडओळख त्यांना बालपणीच झाली. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत पाठविण्यात आले. नाव रुग्णालयाचे असले तरी ही निवासी शाळा आहे. अनाथ आणि गरीब मुलांच्या पालनपोषणासाठी १५५२ मध्ये ती स्थापन झाली. पायघोळ निळा डगला आणि पिवळे पायमोजे हा तिचा शेकडो वर्षांचा गणवेश. त्या डगल्यावरूनच लंडनकर तिला ओळखत. आठ वर्षांचे मूल ट्रंक घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहते तेव्हा त्याच्या पोटात काय कालवाकालव होते, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. पुढे ज्यांनी शेकडो परक्या मुलांना आपले मानले, ते प्राचार्य स्वतः असेच घरापासून दूर वाढलेले होते. चरित्र वाचताना ही गोष्ट आम्ही नजरेआड करू शकत नाही.

अभ्यासात आणि खेळात सारखेच पुढे असलेले फ्रँक शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांनी लॅटिन व ग्रीक वाङ्मयाचा अभ्यास केला, फुटबॉल खेळला, नावा वल्हवल्या. पदवीनंतर रग्बी आणि वूस्टर येथे काही काळ अध्यापन करून ते लिंकनशायरमधील स्टॅमफर्ड शाळेत मुख्याध्यापकांच्या खालोखालच्या पदावर रुजू झाले. वाट आखलेली होती. आणखी काही वर्षांनी एखाद्या नामांकित इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापकपद चालून आले असते. परंतु याच काळात पाश्चात्य आणि पौर्वात्य तत्त्वज्ञानाच्या वाचनाने त्यांच्या मनाची दिशा बदलली. १९०२ मध्ये ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले आणि कर्नल हेन्री स्टील ऑल्कट यांच्याशी त्यांचा संबंध आला.

ऑल्कट हे नाव सिलोनच्या बौद्धांना, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील बौद्धांना, किती प्रिय आहे हे समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बेट इंग्रजांच्या ताब्यात होते आणि इंग्रजी शिक्षणाच्या चांगल्या शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या हाती होत्या. बौद्ध घरातील मुलगा शिकावयाचा म्हटला की तो त्याच शाळांत जाई, तेथील प्रार्थना म्हणे आणि आपल्या आईबापांचा धर्म अडाण्यांचा आहे असे ऐकून घरी येई. नावेदेखील परकी असत. पुढे अनागारिक धर्मपाल म्हणून जगाला परिचित झालेले पुरुष जन्मनावाने डॉन डेव्हिड होते, एवढे सांगितले तरी पुरे. अशा वेळी, १८८० च्या मे महिन्यात, अमेरिकन ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हॅट्स्की गॉलच्या बंदरात उतरले आणि त्यांनी त्याच गावातील विहारात जाहीरपणे त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. बौद्धांनी स्वतःच्या शाळा स्वतः काढाव्यात, ही चळवळ तेथून उभी राहिली. कोलंबोचे आनंद, कँडीचे धर्मराज आणि १ मार्च १८९२ रोजी स्थापन झालेले गॉलचे महिंद ही तिचीच फळे. तेथे मोठ्या शाळेलाही कॉलेज म्हणतात. म्हणून मुख्याध्यापकांना प्राचार्य म्हणावयाचे.

ऑल्कट यांचा आणखी एक धागा आपल्याशी जुळतो. त्यांनी १८९४ मध्ये मद्रासच्या अड्यार भागात तेव्हा पंचम म्हणून हिणविल्या गेलेल्या अस्पृश्य समाजाच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. तमिळ बौद्ध चळवळीचे प्रणेते अयोथी दास हेही १८९८ मध्ये त्यांच्याच साहाय्याने सिलोनला जाऊन बौद्ध झाले. बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीपूर्वीची ही पाऊलवाट आपल्या मुलांना ठाऊक असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

महिंद विद्यालयाचे नाव सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर यांच्यावरून ठेवलेले आहे. त्यांनी भारतातून तो धम्म लंकेत नेला, जो पुढे आपल्या भूमीतून जवळजवळ पुसला गेला. शाळेला कोणाचे नाव द्यावयाचे, हा केवळ पाटी रंगविण्याचा प्रश्न नसतो. बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये, म्हणजे दीक्षेच्या दहा वर्षे आधी, मुंबईच्या महाविद्यालयास सिद्धार्थ हे नाव दिले आणि नंतर औरंगाबादेस मिलिंद हे नाव दिले. इतिहास हिरावून घेतलेला समाज आधी नावे परत मिळवितो. गॉलच्या बौद्धांनी ती मिळविली होती. शाळा मात्र अजून उभी राहावयाची होती.

१ ऑगस्ट १९०३ रोजी वुडवर्ड यांनी प्राचार्यपद स्वीकारले तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. योगायोग असा की, त्याच्या आदल्या वर्षी, १९०२ मध्ये, गोव्याचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून पाली शिकण्यासाठी कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पोहोचले होते. एक केंब्रिजचा पदवीधर आणि एक शाळेचे धड शिक्षणही न मिळालेला सारस्वत तरुण, दोघेही जवळजवळ एकाच वेळी एकाच बेटावर एकाच शोधात आले. मराठी माणसाला पालीचे दार कोसंबींनी उघडले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते उघडणाऱ्यांत वुडवर्ड होते.

त्या वेळी महिंद विद्यालयात सुमारे साठ मुले होती. गॉलच्या जुन्या डच किल्ल्यात दाटीवाटीने वर्ग भरत. पैसा नव्हता आणि मिशन शाळांच्या तुलनेत प्रतिष्ठाही नव्हती. काही वर्षांतच विद्यार्थ्यांची संख्या तीनशेच्या पुढे गेली. एवढ्या मुलांना किल्ल्यातील जागा पुरेना. तेव्हा गावाबाहेरच्या टेकडीवर नवी शाळा बांधण्याचे ठरले. शाळेचे व्यवस्थापक मुहांदिरम थॉमस अमरसूरिय हे या कामातील मोठे दाते होते. आणि वास्तुशिल्पी? ते स्वतः प्राचार्यच झाले. इमारतींचे आराखडे वुडवर्ड यांनी स्वहस्ते काढले. बांधकामावर देखरेख त्यांनी केली, गवंड्यांच्या बरोबरीने ते उभे राहिले आणि स्वतःचा पैसाही त्यात घातला. १९०८ च्या सुमारास शाळा टेकडीवर गेली. ऑल्कट १९०७ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या नावाचे सभागृह त्या टेकडीवर उभे राहिले.

इमारतीच्या या प्रकरणावर आम्ही थोडे रेंगाळतो, कारण आपल्या पालकांना त्याचे मोल कळेल. स्वतःच्या समाजाची शाळा आहे म्हणून ती पत्र्याच्या शेडमध्ये भरली तरी चालते, ही समजूत आपल्याकडेही होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. मिलिंदच्या इमारतींच्या उभारणीत त्यांनी जातीने लक्ष घातले होते. वुडवर्ड यांचीही दृष्टी तीच दिसते. ज्या मुलांना आपण कोणी नाही असे शिकविले गेले आहे, त्यांना टेकडीवरची, वारा खेळणारी, समुद्राकडे पाहणारी वास्तू मिळाली पाहिजे. मिशनच्या शाळेकडे मान वर करून पाहण्याची पाळी त्यांच्यावर येता कामा नये.

तरीही वुडवर्ड यांची खरी कामगिरी वर्गाच्या आत झाली. ते स्वतः इंग्रजी, लॅटिन, पाली आणि बौद्ध धम्म शिकवीत. इंग्रजी शाळांत सिंहली ही घरातल्या नोकराचाकरांशी बोलण्याची भाषा समजली जाई. मुले केंब्रिजच्या परीक्षांना बसत आणि इंग्लंडच्या राजांची वंशावळ पाठ करीत. वुडवर्ड यांनी आपल्या शाळेत सिंहली भाषेला अभ्यासक्रमात स्थान दिले आणि धम्माचे शिक्षण हा शाळेच्या नित्यक्रमाचा भाग केला. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत, एका इंग्रज प्राचार्याने मुलांना त्यांची मातृभाषा परत दिली. यातील विसंगती आम्हांस दिसते. परक्याने दिल्यावर आपलीच वस्तू मोलाची वाटावी, हे गुलामीचे एक लक्षण आहे. पण त्याचा दोष देणाऱ्याकडे जात नाही. वुडवर्ड यांनी स्वतःला उद्धारकर्ता म्हणून मिरविले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांनी मुलांना स्वतःकडे नव्हे, तर मुलांच्याच वाडवडिलांच्या ग्रंथांकडे वळविले.

ते कसे राहत, यावरून ही गोष्ट स्पष्ट होते. ते अविवाहित होते, शाकाहारी होते आणि त्यांची राहणी साधी होती. पौर्णिमेच्या दिवशी, ज्याला सिंहली लोक पोया म्हणतात, ते पांढरी वस्त्रे परिधान करून विहारात जात आणि इतर उपासकांप्रमाणे अष्टशील घेऊन उपोसथ पाळीत. साहेबाने नेटिवांच्या पंक्तीत बसावयाचे नाही, हा त्या काळचा अलिखित कायदा होता. पंचशीलाचा तास शिकविणारा शिक्षक स्वतः शील घेऊन बसलेला विद्यार्थ्यांना दिसणे, याहून मोठा पाठ कोणत्या पुस्तकात असणार? शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. आणि विद्यार्थ्यांशी त्यांची जवळीकही तितकीच होती. दोन्ही एकत्र नांदू शकतात हे वसतिगृहात वाढलेल्यांना माहीत असते.

खेळांची आवड त्यांनी केंब्रिजहून बरोबर आणली होती. गॉलमध्येच रिचमंड ही मिशनची जुनी आणि मातब्बर शाळा होती. तिचे प्राचार्य रेव्हरंड जेम्स हॉर्न डॅरेल हेही केंब्रिजचे. या दोघांच्या कारकिर्दीत १९०५ मध्ये दोन्ही शाळांचा क्रिकेट सामना सुरू झाला. आज गॉलमध्ये तो प्रेमिकांचे भांडण या लाडक्या नावाने ओळखला जातो. धर्माने आणि हेतूने परस्परविरुद्ध असलेल्या दोन संस्थांची मुले एका मैदानावर उतरली, ही त्या तणावाच्या काळात लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी विषमज्वराच्या साथीत आजारी विद्यार्थ्यांची शुश्रूषा करताना डॅरेल यांना तोच आजार जडला आणि त्यात त्यांचा अंत झाला. आम्ही बौद्ध शाळेचे लोक असलो तरी अशा मुख्याध्यापकापुढे नतमस्तक होतो.

शाळेचा व्याप सांभाळूनच वुडवर्ड यांचा पालीचा व्यासंग वाढत होता. १९१४ मध्ये सिलोनमधील बौद्ध जीवनाची शब्दचित्रे असलेले त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तर १९१६ मध्ये ध्यानमार्गावरील एका पाली-सिंहली हस्तलिखिताचा अनुवाद लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने छापला. दिवसा फी, हजेरी, गवंडी आणि परीक्षा, आणि रात्री ताडपत्रे, असा हा संसार होता.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. इंग्रजी शिक्षण तेव्हा सिलोनमध्ये लोकसंख्येच्या एका लहान थरापुरतेच होते. खेड्यातील शेतकऱ्याचे आणि मजुराचे मूल गावच्या सिंहली शाळेतच राहिले. महिंद विद्यालयाने मुख्यतः उगवत्या मध्यमवर्गाला आत्मविश्वास दिला. तळातील माणसापर्यंत शिक्षण नेण्याचा जो ध्यास बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थांमागे होता, त्याची बरोबरी येथे शोधू नये. शिवाय वुडवर्ड अखेरपर्यंत थिऑसॉफिस्ट राहिले आणि धम्माकडे ते काहीसे गूढवादाच्या अंगाने पाहत. ही दृष्टी आमची नाही. पण मुलांवर त्यांनी ती लादली असे दिसत नाही.

१९१९ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शाळा ऐन भरात असताना त्यांनी प्राचार्यपद सोडले आणि बेटाचा निरोप घेतला. संस्था उभी करणाऱ्या माणसाला खुर्ची सुटत नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. वुडवर्ड इंग्लंडलाही परतले नाहीत. ते ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर गेले आणि टामार नदीकाठच्या रोवेला या वस्तीत सफरचंदाच्या लहानशा बागेत एकटेच राहू लागले. पुढील तेहेतीस वर्षे तेच त्यांचे घर होते.

सभोवती सफरचंदे पिकविणारे शेतकरी होते आणि पाली जाणणारे कोणी नव्हते. ग्रंथांची आणि प्रुफांची ये-जा बोटीच्या टपालाने, लंडनहून महिनोन्‌महिन्यांनी होई. अशा एकांतात या निवृत्त मुख्याध्यापकाने जे काम केले ते पाहून मन थक्क होते. संयुत्त निकायाच्या इंग्रजी अनुवादाचे पहिले दोन खंड श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या नावावर आहेत. तिसरा, चौथा आणि पाचवा वुडवर्ड यांचे. अंगुत्तर निकायाच्या पाच खंडांपैकी पहिला, दुसरा आणि पाचवा त्यांचे. उरलेले दोन ई. एम. हेअर यांचे. उदान आणि इतिवुत्तक यांचा अनुवाद १९३५ मध्ये आला. धम्मपदाचाही त्यांनी अनुवाद केला. संयुत्त निकायावरील बुद्धघोषाची सारत्थप्पकासिनी ही अट्ठकथा त्यांनी तीन खंडांत संपादित केली. सामान्य वाचकासाठी निवडक बुद्धवचनांचा संग्रह १९२५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केला, तो पुढे अनेक वर्षे वाचला गेला.

संयुत्त निकायाच्या पाचव्या खंडातच सच्च-संयुत्त आहे आणि त्यात धम्मचक्कप्पवत्तन सुत्त. अंगुत्तर निकायाच्या पहिल्या खंडात, तिकनिपातात, कालामांना केलेला उपदेश आहे: ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना ग्रंथाला हात लावण्याचीही बंदी होती, त्या आपल्या समाजाला हे सुत्त इतके जवळचे का वाटले, हे समजावून सांगण्याची गरज नाही. शाळामास्तराने ते भाषांतरित करावे हेही आम्हांस समर्पक वाटते, कारण मुलाने शंका विचारली म्हणून रागावणारा आणि शंका विचारली म्हणून आनंदणारा असे शिक्षकांचे दोनच प्रकार असतात.

आजच्या वाचकास वुडवर्ड यांची इंग्रजी जड वाटते. बायबलच्या जुन्या भाषांतराचा वळसा तिला आहे. धर्मोपदेशकाच्या घरातील बालपण तेथे डोकावते. काही पारिभाषिक शब्दांचे त्यांचे अर्थ नंतरच्या अभ्यासकांनी सुधारले. भिक्खू बोधी यांनी केलेले संयुत्त निकायाचे नवे संपूर्ण भाषांतर २००० मध्ये आणि अंगुत्तर निकायाचे २०१२ मध्ये आले, आणि अभ्यासकांच्या टेबलावर आता तेच असते. असे व्हावयाचेच. पहिल्याने झाडी तोडून वाट काढावयाची आणि मागून येणाऱ्याने ती रुंद करावयाची.

गॉलमध्ये त्यांची आठवण बुजली नाही. व्यवस्थापक अमरसूरिय यांच्या मुलाच्या नावातच वुडवर्ड हे नाव होते. हे हेन्री वुडवर्ड अमरसूरिय पुढे स्वतंत्र सिलोनचे व्यापारमंत्री झाले. १९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेसाठी बाबासाहेब कँडी येथे गेले, तेव्हा त्या देशाच्या सार्वजनिक जीवनात आनंद, धर्मराज, महिंद अशा शाळांतून शिकलेली पिढी वावरत होती. दूर टास्मानियात तिच्या जुन्या प्राचार्यांचे वय त्या वेळी एकोणऐंशी होते आणि ते अजूनही कामात होते.

ते काम म्हणजे पाली तिपिटकाचा शब्दसंदर्भकोश. तिपिटकातील कोणता शब्द कोठे कोठे आला आहे, याची अक्षरानुक्रमे यादी करावयाची. यात ना अनुवादाचा आनंद, ना नावाची कीर्ती. एकेका शब्दासाठी पाने उलटावयाची, नोंद करावयाची आणि पुढच्या शब्दाकडे वळावयाचे. संगणक नसलेल्या काळात हातांनी केलेले हे काम वुडवर्ड यांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे केले. २७ मे १९५२ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, टास्मानियातच त्यांचे निधन झाले. कोशाचे संपादन हेअर आणि इतरांनी हाती घेतले होते. त्याचा पहिला भाग त्याच वर्षी लंडनला छापून निघाला. पुढील भाग तयार करण्याचे काम त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिले.